सगळे पार्ट बसतात, पण कॉम्प्युटर चालेल का?

बार्शीच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटोकॅड रोज लागतं, पुढे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणारं रेव्हिटही लागेल. ४० हजारांच्या आत घरीच कॉम्प्युटर जोडायचा आहे. त्यांची यादी अशी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, मामेभावाकडून मिळणारा वापरलेला बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एक रॅम, ५०० जीबीची एम.२ एसएसडी, ४५० वॅटच्या एसएमपीएससकट, म्हणजे पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्यासकट, येणारं कॅबिनेट आणि घरात पडून असलेला व्हीजीए वायरवाला जुना मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी. मामेभाऊ त्या बोर्डावर सध्या रायझन ३ २२००जी वापरतो आणि तो प्रोसेसर त्याने विकायला काढलाय. दुकानदार म्हणतो, सगळं बसतं. त्यांना एवढंच हवंय की कुणीतरी 'हो' म्हणावं.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. यादीतला प्रत्येक पार्ट शेजारच्या पार्टात बसतो. तरीही ही यादी जशीच्या तशी जोडली तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि मॉनिटरवर काहीच येणार नाही. मी गेली १६ वर्षं सांगलीत जोडणी-दुरुस्ती करतो. घरी जोडलेली जी मशिन्स माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार हीच असते की सगळं नीट बसलंय, पण चालत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा मोठा करून घेतो. हे पार्ट एकत्र सुरू होतील का, मुलीचं काम ओढतील का, आणि बार्शीच्या विजेवर चार-पाच वर्षं टिकतील का?

आधी प्रोसेसर. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआय, व्हीजीए अशी भोकं दिसतात, पण ती फक्त वाट आहेत. चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरच्या आत असेल तरच त्या वाटेने काही बाहेर येतं. तो नसेल तर वेगळं कार्ड लावल्याशिवाय इलाज नाही. गेल्या वर्षी तासगावचा एक मुलगा नेमकं हेच मशीन घेऊन आला होता. दोन आठवडे तो बोर्ड खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडत होता, रॅम तीनदा बदलून झाली होती. मी माझ्याकडचं एक जुनं कार्ड खोचलं आणि लगेच स्क्रीन आली. त्याचे सगळे पार्ट चांगले होते. नावात एक अक्षर कमी होतं, तेवढंच.

ते अक्षर म्हणजे जी. रायझन ५ ५६००जी मध्येही ६ कोअर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, तोही ६५ वॅटचाच आहे, आणि त्याच्यात व्हेगा ग्राफिक्स आहे. इंटेलकडे उलटं आहे: तिथे नावाच्या शेवटी एफ असेल तर ग्राफिक्स नाही, नसेल तर बहुतेक वेळा आहे. म्हणून आय३ १२१०० आणि आय३ १२१००एफ या दोघांच्या किमतीत थोडाच फरक दिसला तरी तुमच्यासारख्याला त्यातला दुसरा एकट्याने काही उपयोगाचा नाही.

५६००जी घेतल्याने काही गमावतं का? गमावतं. त्याची कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. गेम खेळणाऱ्याला हा फरक जाणवतो. ऑटोकॅडमध्ये प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन काढणाऱ्या मुलीला तो जाणवणार नाही, कारण ते बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं आणि त्या कोअरचा वेग इथे पुरेसा आहे. रेव्हिटचं मात्र तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहे. दोन मजली घराचं मॉडेल असेल तर ५६००जी ते सहज झेलेल. मोठी इमारत सगळ्या पायपिंगसकट उभी करायला लावणार असतील तर पुढच्या वर्षीचं कार्ड खरंच लागेल. मुलीला तिच्या सीनियरांना विचारायला सांगा, शेवटच्या वर्षी फाइल केवढ्या होतात. ते कळल्याशिवाय कार्डाचा विचार करू नका.

मग मामेभावाचाच २२००जी का नको, त्यातही ग्राफिक्स आहे की, असं तुमच्या मनात येईल. त्यात ४ कोअर आणि ४ च थ्रेड आहेत, शिवाय तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची तीन-चार वर्षं चालवायचं मशीन त्या पायावर उभं करू नये. पण तो प्रोसेसर तुम्हाला एका दिवसासाठी हवा आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या बेतातली नाजूक जागा हीच आहे.

बी४५० बोर्ड २०१८ साली आले. ५६००जी २०२१ साली आला. सॉकेट दोघांचं एकच, एएम४. प्रोसेसर खाचेत अलगद बसेल. पण बोर्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, असतो, आणि त्या बायोसला हा प्रोसेसर ओळखता यावा लागतो. मामेभावाने घेतल्यापासून बायोस अपडेट केला नसेल, तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखणार नाही आणि पुन्हा स्क्रीन काळीच राहील. बायोस अपडेट करायला मशीन सुरू असावं लागतं, आणि मशीन सुरू करायला बोर्डाला ओळखीचा प्रोसेसर लागतो. तो म्हणजे २२००जी. तो विकला गेला की तुम्ही अडकलात. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं, पण बी४५० च्या स्वस्त मॉडेलांत ते सहसा सापडत नाही.

तेव्हा बोर्ड काढायच्या आधी, मामेभावाच्या घरीच, त्याच्या चालू मशीनवर हे काम उरका. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप केलं की बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि सपोर्ट असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत ५६००जी शोधा. समोर कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही जुळवा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनच्या फाइल वेगळ्या असू शकतात. फार जुन्या बायोसवरून एकदम नव्यावर उडी मारता येत नाही, मध्ये एक आवृत्ती टाकावी लागते, असंही काही पानांवर लिहिलेलं असतं. ती तळटीप वाचायचा कंटाळा करू नका. आणि अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये. त्या पाच मिनिटांत वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते आणि बोर्ड मरतो. आमच्यासारखे लोक प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लावून चिप पुन्हा लिहून देतात, पण त्यासाठी बोर्ड घेऊन फिरावं लागतं. यूपीएस चार्ज असलेला बघा, नाहीतर शेजाऱ्याचा मागून आणा.

अपडेट झाला की प्रोसेसर काढताना घाई नको. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात, केसासारख्या. वर कूलर आणि मध्ये पेस्ट. पाच-सहा वर्षांत ती पेस्ट वाळून डिंकासारखी होते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा दांडा बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. मी अशा पिना ०.५ च्या पेन पेन्सिलची रिकामी नळी घालून एकेक करून सरळ केल्या आहेत. तासभर मान वर होत नाही, आणि एखादी तुटली तर सगळं वाया जाऊ शकतं. म्हणून आधी मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणावर आणा आणि सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

बोर्डासोबत तीन गोष्टी मागून घ्या: मागच्या पोर्टांभोवती बसणारा पत्रा, बोर्डाखालची कूलरची बॅकप्लेट आणि एम.२ चा एवढासा स्क्रू. हे तिन्ही बहुतेक वेळा जुन्या कॅबिनेटमध्येच राहतात. बॉक्समधल्या ५६००जी सोबत रायझन बनवणाऱ्या एएमडीचा कूलर येतो आणि तो त्या बॅकप्लेटमध्येच स्क्रू होतो. ट्रेमधला, म्हणजे बॉक्सशिवायचा, स्वस्त प्रोसेसर घेतला तर कूलर वेगळा घ्यावा लागतो आणि वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर राहते. मी घरच्यांसाठी तो घेत नाही.

रॅम. तुम्ही १६ जीबीची एक लिहिली आहे, मी ८-८ च्या दोन लिहीन. वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर मी इतका आग्रह धरला नसता. पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते या रॅममधूनच उचलतं. ३२०० ची एक डीडीआर४ रॅम सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवू शकते, दोन लावल्या की दोन वाटा उघडतात आणि ५१.२ होतो. मॉडेल फिरवताना, झूम करताना हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी धरा. जोडून झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वर रांगत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तिथे खात्री करा. एएम४ ला डीडीआर४ च लागते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, त्यामुळे ऑफर कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे मामेभावाकडे डीडीआर४ रॅम पडून असेल तर तीही विचारा. दोन वेगळ्या वेगांच्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, पण चालतात.

एसएसडीचं थोडक्यात. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती येतात. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई बी४५० वर ३००० च्या पुढे. भावात फारसा फरक नसेल तर एनव्हीएमई घ्या. बोर्डाच्या पुस्तिकेत एवढं बघा की एम.२ वापरल्यावर कुठला साटा पोर्ट बंद होतो का, कारण पुढे जुनी हार्डडिस्क लावाल तेव्हा ती दिसली नाही की घाबरून जाल.

आता तो ४५० वॅटचा एसएमपीएस. तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. दुकानात गेलात की कॅबिनेटची बाजू उघडायला लावा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० असेल. खाली छोट्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टवर जगतात. मी अशा कॅबिनेटांवर १४ अँपिअर वाचलं आहे. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. बाकीचे आकडे अशा ठिकाणी मोजलेले असतात जिथे आजचा कॉम्प्युटर जवळजवळ काहीच घेत नाही. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ च्या आसपास असतं, म्हणजे ४३२ वॅट. उचलूनही बघा, हलका लागला तर आत तांबं आणि कॅपॅसिटर कमी आहेत.

तुम्ही म्हणाल, ५६००जी चं मशीन कार्डाशिवाय सव्वाशे वॅटही सहसा ओलांडत नाही, मग १६८ पुरेसे नाहीत का? कागदावर पुरतात. पण स्वस्त एसएमपीएसमध्ये संरक्षणाचे भाग गाळलेले असतात. वीज वरखाली झाली की चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडतो, असला पुढचं सगळं जाळतो. २०१९ साली एका फोटो स्टुडिओचं मशीन माझ्याकडे आलं होतं. एसएमपीएस फुटला, जाता जाता बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. डिस्कवर तीन लग्नांचे फोटो होते. त्या माणसाने एसएमपीएसमध्ये दीड हजार वाचवले होते. तेव्हापासून माझ्याकडे जोडणी करणाऱ्याने पैसे कमी करा म्हटलं तर मी कॅबिनेट साधं करतो, एसएसडी लहान करतो, एसएमपीएसला हात लावत नाही. तुम्हीही कॅबिनेट रिकामं घ्या आणि ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा घ्या. वायरी लावताना प्लगवरचं नाव वाचा: प्रोसेसरची ८ पिनची वायर आणि कार्डाची ८ पिनची वायर दिसायला भावंडं आहेत, पण आत व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. जोर लावून दुसऱ्या जागी घुसवली की शॉर्ट.

विजेबद्दल अजून थोडं, कारण पार्टांच्या यादीत हे कुणी लिहीत नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार गावाकडून फार येते. बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं, भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. वायरमनकडून आधी तो प्लग तपासून घ्या. यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल, तो साधारण ३६० वॅट झेलतो. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्यावरच मशीन चालवायचं असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं. ते दाबलेलं नसेल तर वीज जाताना होणाऱ्या क्षणभराच्या खंडात मशीन रीस्टार्ट होतं आणि मुलीची सेव्ह न केलेली ड्रॉइंग जाते.

मॉनिटरचं मी बोर्ड न बघता सांगू शकत नाही. काही बी४५० बोर्डांना व्हीजीए पोर्ट आहे, काहींना नाही. नसेल तर एचडीएमआयपासून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर चालतो, तो स्वस्त असतो. पण जुन्या १९ इंची पडद्यावर ऑटोकॅडच्या बारीक रेषा आणि मेजरमेंटचे आकडे डोळे ओढतात. ४० हजारांतून काही उरलं तर कार्डाआधी १०८० चा (फुल एचडी) मॉनिटर घ्या. मुलीच्या डोळ्यांना ते कार्डापेक्षा आधी लागेल.

कॅबिनेट बोर्डाच्या मापाचं, पुढून जाळी असलेलं घ्या. पुढे बंद काच असलेली छान दिसतात, पण उन्हाळ्यात आत कोंडतं. बोर्डाखाली येणारे पितळी खुंटे बोर्डाच्या भोकांच्याच खाली आहेत ना, ते मोजून लावा. एक जादा खुंटा राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट होऊ शकतो.

पुढच्या वर्षी कार्ड घेताना एक लक्षात ठेवा. बी४५० हा पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्ड जोडायच्या खाचेच्या जुन्या पिढीचा, बोर्ड आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड फक्त चार वाटा वापरतं, त्या ३.० वर निम्म्या वेगाने चालतात आणि कार्ड दमतं. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटची आहे, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. ८ जीबीची १३० वॅटची आहे, तिला लागते.

समजा मामेभावाचा बोर्ड जमलाच नाही, तर इंटेलचा आय३ १२१०० आणि एच६१० बोर्ड घ्या. कोअर ४ आहेत, पण थ्रेड ८ आणि एका कोअरचा वेग चांगला, ऑटोकॅडला आवडणारा. बायोसची भानगड नाही. फक्त एच६१० चे बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही, डब्यावरचं नाव पूर्ण वाचा. आणि '१० हजारांत आय५, ८ जीबी' अशा जाहिराती दिसल्या तर आय५ च्या पुढचा नंबर विचारा. त्या बऱ्याचदा २०११-१२ सालच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या निघतात आणि त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बिल प्रत्येक पार्टाचं जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलंत तरी आणि बार्शीत घेतलंत तरी वॉरंटीला तोच कागद लागतो.

पार्ट आले की थेट कॅबिनेटमध्ये कसू नका. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर एवढंच जोडा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. स्क्रीन आली की मग बाकीचं बसवा. पण हे सगळं पुढच्या आठवड्यातलं. आज मामेभावाला फोन करा आणि २२००जी अजून विकू नकोस म्हणून सांगा. बायोस अपडेट झाला की मग त्याने खुशाल विकावा.